हजेरीत तुझं नाव येईल, त्याआधी

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. (ई-मेलला पत्र म्हणायची माझी खोड तुझ्या आईला, माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, ठाऊक आहे.) पहिल्यांदा वाचलं तेव्हा कौतुक वाटलं, दुसऱ्यांदा काळजी वाटली, आणि तिसऱ्यांदा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. ३१ वर्षं वह्या तपासल्यावर एवढं व्हायचंच.

हिंजवडीची नोकरी सोडलीस. टांझानियातल्या मोशी गावाजवळच्या एका अनाथाश्रमात तीन महिने मुलांबरोबर राहणार. त्यासाठी मधल्या संस्थेला दोन लाख रुपये भरायचे आहेत. आणि शेवटी लिहितेस, ‘तिथे मला आनंद सापडेल, हरवलेली श्रद्धा परत मिळेल असं वाटतं. बाई, तुम्ही जाऊन आलात, काय करू सांगा.’

सांगते. पैसे अजून भरले नसतील तर भरू नकोस. भरले असतील तर परत माग, भांडून माग. टांझानियाला मात्र जरूर जा.

आता मी कशी गेले ते ऐक, म्हणजे बाई फार मोठ्या समाजसेविका होत्या असा तुझा समज राहणार नाही. जिल्हा परिषदेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले, २०१६ साली. हे त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. लेक बंगळुरूला. घर खायला उठायचं. माझा भाचा तेव्हा दार-ए-सलामला नोकरीला होता, त्याने कुणाकुणाला विचारून किलिमांजारोच्या उतारावरच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत माझी सोय लावली. २०१८ च्या जानेवारीत गेले, जूनपर्यंत राहिले. मुलांच्या ओढीने वगैरे काही गेले नव्हते. संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास घालवायला दुसरा देश हवा होता, इतकंच.

पहिल्याच दिवशी फजिती. मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप पाठवला होता, ‘उद्या सा म्बिलीला या.’ म्बिली म्हणजे दोन, एवढं मी विमानात पाठ केलं होतं. खळ केलेली सुती साडी नेसून दुपारी बरोबर दोनला हजर झाले, तर शाळा सुटायच्या बेतात. स्वाहिली घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात गं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आठ म्हणजे त्यांचे दोन. मी सहा तास उशिरा आले होते. मनात राग आला, मग आठवलं की आपल्याकडेही घटका-प्रहर उजाडल्यापासूनच मोजत होते की. माझे आजोबा ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणायचे, त्यांना हे घड्याळ एका दिवसात समजलं असतं. मुख्याध्यापिकाबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, ‘पोले.’

हा शब्द लक्षात ठेव. आपल्याला ठेच लागली, पिशवी फाटली, ताप आला, की समोरचा म्हणतो पोले. माफी मागत नाही, त्याची चूकच नसते. तुझ्या त्रासाची मी नोंद घेतली, असं काहीसं त्यात आहे. मराठीत याला नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही. ‘अगं बाई’ जवळ जातं, पण त्यात निम्मं नवल असतं.

भाषेला भिऊ नकोस. निम्मी तर तुला येतेच. किताबू म्हणजे पुस्तक, कलामू म्हणजे पेन, दफ्तारी म्हणजे वही. हेसाबू म्हणजे गणित, रांगी म्हणजे रंग, साबुनी म्हणजे साबण, पेसा म्हणजे पैसा, आणि सेरिकाली म्हणजे सरकार. अरबी-फारसी शब्द जसे आपल्याकडे आले तसेच त्या किनाऱ्यावरही उतरले; शिवाय आपल्या बाजूच्या व्यापाऱ्यांनी दुकानाचा ‘दुका’ आणि चपातीची ‘चपाती’ तिकडे नेऊन ठेवली. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर शब्दांच्या जोड्या लिहायचे आणि चौथीची पोरं खिदळायची की मुहिंदीबाईच्या गावातही साबणाला साबणच म्हणतात. मुहिंदी म्हणजे हिंदुस्थानी. गोऱ्यांना मुझुंगू म्हणतात. तुलाही मुहिंदीच म्हणतील, वाईट वाटून घेऊ नकोस.

तू ‘इंग्रजी शिकवीन’ लिहिलं आहेस. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेचं माध्यम स्वाहिली आहे, न्येरेरेंच्या काळापासून, १९६७ पासून. (त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. देश त्यांना अजून ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजीच म्हणतो. हे वाचून मला उगाच अभिमान वाटला होता.) इंग्रजी हा एक विषय असतो. सातवीची परीक्षा झाली की माध्यमिकला सगळं एकदम इंग्रजीतून. २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळेत फी नाही, पण ही भाषेची भिंत फीपेक्षा उंच आहे, आणि पोरं तिथेच धडकतात. तेव्हा शिकवायचंच असेल तर सहावी-सातवीला शिकव. लहानग्यांना ‘हेड-शोल्डर’ करून नाचवणारे पाहुणे त्यांना ढिगाने मिळतात.

आता अनाथाश्रमाचं.

मीही गेले होते एका. नाव लिहीत नाही. माझ्या दुसऱ्याच शनिवारी, गेस्ट हाउसवर भेटलेल्या दोन युरोपियन मुलींबरोबर. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि चार ते आठ वर्षांची पंधरा-वीस पोरं धावत आली. एक माझ्या डाव्या गुडघ्याला बिलगली, एक उजव्या. एकीने माझा हात धरला तो तीन तास सोडला नाही. त्यांनी गाणी म्हटली, ओळीत उभं राहून, हातवाऱ्यांसकट, थेट आमच्या शाळा-तपासणीच्या दिवशीसारखी. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही. मला इतका आनंद झाला लेकी, की त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा गोळी न घेता झोपले.

सोमवारी शाळेत मी हे सगळं हात नाचवत सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई उजीचा कप घेऊन बसल्या होत्या. उजी म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुमच्या घरातलं मूल रस्त्यावरून आलेल्या परक्या बाईच्या गुडघ्याला असं बिलगतं का?’

बस्स. एवढंच. मी काय उत्तर देणार? तुझी आई शाळेत आली तेव्हा आठ दिवस माझ्याकडे पाठ करून बसायची. धड घरचं मूल असंच असतं. जे मूल येईल त्याला बिलगतं, त्याला कुणीतरी बिलगायला हवं असतं आणि कुणीच टिकलेलं नसतं. दर महिन्याला नवी ताई येते, जीव लावते, रडत जाते, फोटो घेऊन जाते. मग पुढची ताई. माझी ती सुखाची झोप त्या पोरीच्या खात्यातून निघाली होती.

आणि ही पोरं बहुतेक वेळा अनाथही नसतात. तिथल्याच काहींचे आई-बाप शेजारच्या जिल्ह्यात आहेत हे मला नंतर कळलं. शाळा मिळेल, दोन वेळ जेवण मिळेल म्हणून सोडलेली. जगभर हेच चित्र आहे. पाहुणे आणि देणग्या जिथे जास्त, तिथे आश्रम उगवतात, आणि आश्रम भरायला मुलं लागतात. नेपाळात २०१५ च्या भूकंपानंतर सरकारला मुलांना परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्याआधीच्या संसदीय चौकशीत अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा एक विषयच होता. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अशा आश्रमांतल्या स्वयंसेवेचे धोके लिहिले. सगळे आश्रम वाईट, असं मी म्हणत नाही. पण तीन महिन्यांच्या पाहुणीला पैसे घेऊन मुलांच्या झोपण्याच्या खोलीपर्यंत जाऊ देणारा आश्रम चांगला कसा असेल, हे तू मला समजावून सांग. तुझी पोलिस पडताळणी त्यांनी मागितली का? तुझ्या पत्रात तसं दिसलं नाही.

म्हणून शाळा. जिथे मुलं संध्याकाळी आपल्या घरी जातात अशी कुठलीही जागा. आणि टूरिस्ट व्हिसावर काम करू नकोस, स्वयंसेवकाला निवास परवाना लागतो, ‘क्लास सी’ म्हणतात. तो शाळेमार्फत किंवा नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत काढ. मलेरियाच्या गोळ्या आणि लशींचं डॉक्टरांना विचार. पीतज्वराची लस घ्यावी लागलीच तर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, हे धरून तारीख ठरव. मोशीहून वर गावात दलादला जाते. दलादला म्हणजे आपली वडाप, फक्त गाणी जोरात.

आता तुझ्या दोन मोठ्या शब्दांकडे येते.

माझ्या वर्गाचा पट होता ८४. चौथीचा एकच वर्ग, एका बाकावर चार-पाच जण. हजेरी घेणं म्हणजे पाव तास. पण ती नावं! नेएमा म्हणजे कृपा. बराका म्हणजे आशीर्वाद. तुमाइनी म्हणजे आशा. फुराहा म्हणजे आनंद, आणि इमानी म्हणजे श्रद्धा. तुझे आनंद आणि श्रद्धा दोघी रोज सकाळी माझ्यासमोर बसायच्या, एक नाक ओढत, दुसरी दप्तराऐवजी तांदळाच्या पिशवीत वह्या घेऊन. इमानी ऐकलं आणि मी थबकले. आपलं इमान ते हेच. शब्द एकच, मुळात अरबीतला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ श्रद्धा राहिला. आपल्याकडे इमान म्हणजे दिलेला शब्द राखणं, खाल्ल्या मिठाला जागणं. इमानदार माणूस देव मानतो की नाही हे आपण विचारत नाही.

हजेरीला मुलं म्हणतात ‘निपो’. मी आहे. नाव पुकारलं आणि मूल आलेलं नसलं की सगळा वर्ग ओरडतो, ‘हायुपो!’ तो इथे नाही. एक मुलगा होता, त्याचं नाव लिहीत नाही. मी रुजू झाले त्याच्याही आधीपासून तो येत नव्हता. वर कुठेतरी नातेवाइकाची गुरं राखायला नेलं होतं म्हणे. मुख्याध्यापिकाबाई माझ्या वर्गाची हजेरी पुष्कळदा स्वतः घ्यायच्या आणि रोज त्याचं नाव पुकारायच्या. रोज ८३ पोरं ओरडायची, हायुपो. आपल्याकडे सलग गैरहजर राहिलेल्या मुलाचं काय करतात, मला पक्कं ठाऊक. मी स्वतः केलेलं आहे. शेरा मारायचा, पटावरून नाव कमी करायचं, वरून फोन येण्याआधी आकडे जुळवायचे. मी त्यांना म्हटलंसुद्धा, आता नाव कमी करा की, रोज वेळ जातो. त्या म्हणाल्या, ‘नाव काढलं तर पोरं विसरतील तो आमच्यातला आहे ते.’

एप्रिलच्या मोठ्या पावसात एक दिवस तो आला. फाटका स्वेटर, पायात प्लास्टिकचे सपाते. नाव आलं तसं तो हळूच म्हणाला, निपो. वर्गाचा विश्वासच बसेना, चार-पाच जण सवयीने हायुपो ओरडून बसले होते. मग जो गलका झाला! तो दोन आठवडे आला. मग पुन्हा यायचा बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच, नाव, आणि हायुपो.

गोष्ट इथे गोड व्हायला हवी होती, झाली नाही. पण माझी अडचण वेगळीच झाली. माझ्या खोलीशेजारी एक आजी राहायची, बीबी म्हणायचे तिला सगळे. लेक गेलेली, जावयाचा पत्ता नाही, तीन नातवंडं पदरात. केळीच्या बागेत अर्धा एकर, एक शेळी. जिथे आपण ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणतो, तिथे ती म्हणायची, ‘मुंगू युपो.’ मुंगू म्हणजे देव. मी आधी त्याचा अर्थ घेत होते, देव आहे, म्हणजे देव असतो, अस्तित्वात आहे. वारकऱ्याची मुलगी मी, आणि विज्ञान शिकवलेली. हा वाद घरातच पुरेसा ऐकलेला. बाबा दरवर्षी पंढरपूरला चालत जायचे आणि आल्यावर मी विचारायचे, काय मिळालं? ते म्हणायचे, जाऊन आलो. मला ते उत्तर चुकवणं वाटायचं.

एक दिवस हजेरी चालू असताना कानाला जाणवलं. युपो. हायुपो. हा तोच शब्द आहे. आजी देवाच्या अस्तित्वाचा सिद्धांत मांडतच नव्हती. ती हजेरी घेत होती. हजर आहे, एवढंच. कधी उत्तर येतं, कधी येत नाही, नाव पुकारायचं सोडायचं नाही. मी खडू हातात धरून उभी राहिले आणि बाबांचं ‘जाऊन आलो’ आठवलं.

याला श्रद्धा परत मिळाली म्हणायचं का, मला माहीत नाही. मी अजूनही देवळात चप्पल कुठे काढली इकडे लक्ष ठेवून असते. पण तू विचारलंस म्हणून सांगितलं. आणि एक विनंती, तिथून किलिमांजारो बहुतेक वेळ ढगात असतो, पहाटे नाहीतर संध्याकाळी दिसतो. ढगाआडचा डोंगर आणि श्रद्धा अशी उपमा तुला पहिल्याच आठवड्यात सुचेल. लिहू नकोस. येणारा प्रत्येक जण ती लिहितो. त्यापेक्षा हे ऐक: १८४८ साली रेबमान नावाच्या मिशनऱ्याने विषुववृत्ताजवळच्या या डोंगरावर बर्फ पाहिलं आणि तसं कळवलं, तर लंडनच्या भूगोलवाल्यांनी त्याला खुळ्यात काढलं. बसल्या जागेवरून. तू जाते आहेस, हे मला त्यासाठीच आवडलं.

आनंदाची गोष्ट सोपी आहे. तो ठरवून मिळाला नाही. एका दुपारी पाऊस इतका कोसळला की पत्र्याखाली स्वतःचा आवाज ऐकू येईना. शिकवणं बंद. मी दारात उभी, मुख्याध्यापिकाबाई पलीकडच्या वर्गाच्या दारात. अंगाने भरभक्कम बाई, माझ्या दीडपट. काय सुचलं कोण जाणे, मी हात पुढे केले, पाय जुळवून दाखवले, आणि व्हरांड्यात आम्ही फुगडी घातली. माझा गुडघा, त्यांचं वजन, ओली फरशी. तीन गिरक्या झाल्या असतील. सगळी शाळा खिडक्यांच्या गजांना लटकलेली, तोंडं उघडी, आवाज मात्र पावसाचाच. थांबलो तेव्हा त्यांचा कितेंगे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड, सुटला होता, ओला होऊन जमिनीवर लोळत होता, आणि त्या भिंतीला धरून हसत होत्या. पुढे महिनाभर मधल्या सुट्टीत फुगड्या. मुलगे केळीच्या सालपटांनी नि चिंध्यांनी बांधलेला चेंडू टाकून फुगडीला यायचे. त्या दिवशी मी कुणाला काही दिलं नव्हतं, कुणाचं भलं केलं नव्हतं. धडाही बुडालाच.

आता वाईट भाग. तिथे शाळेत छडी चालते, कायद्याने चालते. फिम्बो म्हणतात. तू पहिल्यांदा बघशील तेव्हा तुझ्या पोटात गोळा येईल आणि तू मुख्याध्यापकांसमोर भाषण करशील. नको करूस. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने छडीवर बंदी आली, पण तुझ्या आईला विचार, १९८६ साली नव्या बाईंनी सोळाचा पाढा अडला म्हणून तिच्या तळहातावर पट्टी मारली होती का. मारली होती. हात पुढे करून ती माझ्याकडे बघत होती, ते डोळे मी विसरले नाही. म्हणून मोशीला मी एवढंच केलं, माझ्या तासाला छडी वर्गात येऊ दिली नाही, आणि ८४ पोरं छडीशिवाय कशी गप्प बसतात ते बघायला बाकीच्या शिक्षकांना मागच्या बाकावर बसायला बोलावलं. बहुतेक वेळा ती गप्प बसली नाहीतच. एक तरुण शिक्षक मात्र यायला लागला. एवढी माझी कामगिरी.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

जूनमध्ये निघाले तेव्हा वर्गाची मॉनिटर माझ्या टेबलाशी आली. ही पोर माझ्या खडूंची राखणदार, उरलेले तुकडे मोजून डबीत ठेवायची. तिने विचारलं, परत कधी? मी म्हटलं, जानेवारीत. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं. मी ते सहज बोलले, जसं आपण पाहुण्यांना दारात ‘पुढच्या वेळी राहायला या’ म्हणतो तसं. निदान अर्धं खरं होतं. जानेवारीत लेकीचं बाळंतपण आलं. मी गेले नाही. निरोपसुद्धा धाडला नाही; वाटलं, पोरं कुठे लक्षात ठेवतात. मग २०२० आलं, सगळंच ठप्प. मी पुन्हा गेले ते थेट २०२३ साली, महिनाभरासाठी.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला उजी दिली, गुडघा विचारला, आणि मग हसत हसत सांगितलं. २०१९ च्या जानेवारीत पोरं पाचवीत गेली. पहिल्या दिवशी हजेरी संपली तशी मॉनिटर उभी राहिली, म्हणाली, एक नाव राहिलं. म्वालिमू मुहिंदी. बाईंनी गंमत म्हणून पुकारलं. वर्ग ओरडला, हायुपो! दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं म्हणे मार्चपर्यंत चाललं. ‘मग एक दिवस ती स्वतःच म्हणाली, आता राहू द्या.’

बाईंना ती गंमत वाटली होती, निदान त्यांनी तशी सांगितली. माझ्या हातातला कप मात्र हलायला लागला. त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, ‘पोले.’

ती मुलगी मला मोशीच्या दलादला स्टँडवर दिसली, माध्यमिकच्या गणवेशात, दोन मैत्रिणींबरोबर. केस तसेच बारीक कापलेले, पण उंची माझ्या खांद्यावर गेलेली. मला पाहून थोडी वाकली आणि म्हणाली, ‘शिकामू.’ मुळात याचा अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असाच, तिथले लोक सांगतात. वडीलधाऱ्या कुणालाही म्हणतात. मी म्हटलं, ‘मराहाबा.’ ती गेली. तिने मला ओळखून म्हटलं की नुसतं एका म्हातारीला म्हटलं, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

म्हणून तू असं कर. वर्गात पहिल्या दिवशी नाव सांगशील त्याच दमात जायची तारीख सांग. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव, पुसली गेली तर पुन्हा लिही. मुलं रोज मोजतील, मोजू दे. ‘परत येईन’ हे वाक्य तुला सुंदर स्वाहिलीत बोलता येत असलं तरी बोलू नकोस. कुणा एका पोराला जास्त जवळ करू नकोस. आणि केलंस, ते होतंच, तर त्याच्या घरच्यांना भेट, त्यांच्यासमोर कर. फोटो काढायचाच तर आधी त्याच्या आईला विचार, आणि काढलेला तिला छापून दे. शेवटच्या दिवशी रडू आलं तर शिक्षकांच्या खोलीत जाऊन रड.

सामानात भेटवस्तू भरू नकोस, पेनं-खडू मोशीतच घे, दुकानदारही जगला पाहिजे. जाड दोरखंड मात्र ने, आठ-दहा मीटर, उड्या मारायला; तिथली दोरी पावसात कुजते. आणि पोहे ने. स्वतःसाठी. मला तिसऱ्या महिन्यात पोह्यांची स्वप्नं पडायची.

मुख्याध्यापिकाबाई आता निवृत्त झाल्यात, पण त्यांना विचारून त्यांच्याच ओळखीच्या एका सरकारी शाळेचा पत्ता मिळवते. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं तर चालेल ना? भाषांतर करताना ‘हरवलेली श्रद्धा’ मी गाळीन, नाहीतर त्या विचारतील, कुठे हरवली, शेवटची कुठे पाहिली होती.

तुझ्या आईला आशीर्वाद सांग. सोळाचा पाढा विचार, आता येतो का.

रविवारी दोन वाजता फोन कर, सविस्तर बोलू. आपल्या घड्याळाने दोन. सकाळी आठला करशील तर मी फिरायला गेलेली असेन.

तुझी, म्हणजे आधी तुझ्या आईची,
बाई